पाल पाळण्याची सोपी पद्धत

(नवशिक्यांसाठी. सचित्र नाही.)

मराठी माणसाच्या मनात एक पाल असते. ती दिसत नाही, अंगावर पडत नाही, तिला झाडूनं हाकलावं लागत नाही. पण सगळं कसं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच ती एकदा चुकचुकते आणि पुढं काहीतरी बिघडतं. मग आपण चार लोकांत सांगतो, "तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती." ती चुकचुकली तेव्हा आपण काय केलं, हे मात्र आपण सांगत नाही आणि ऐकणाराही भिडेखातर विचारत नाही.

ही पाल कमी खर्चात आणि खात्रीनं कशी पाळावी, याची ही मार्गदर्शिका आहे. कामाच्या ठिकाणी तिचा फार उपयोग होतो. जिची निगा चांगली राखली आहे अशी पाल असली की माणूस मशीनला हात न लावता "बेअरिंग गेलंय" म्हणतो, ताळेबंदाच्या पंधराव्या पानावर बोट ठेवून "एवढं परत बघा" म्हणतो, पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतोय तोवर अर्धं निदान करून मोकळा होतो. ज्याच्याकडे पाल नसते तो अहवाल लिहितो. मी पुष्कळ अहवाल लिहिले आहेत, तेव्हा या विषयावर लिहिण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

याच विषयावरचे महागडे कोर्स बाजारात मिळतात. त्यांत पालीला 'इन्ट्यूशन' म्हणतात आणि शेवटी सर्टिफिकेट देतात. आमच्या पद्धतीत सर्टिफिकेट नाही. शेवटी काकवी मिळण्याची शक्यता आहे. ती कशी, ते पुढं येईल.

साहित्य

एक गुऱ्हाळ. खरं तर गॅरेज, माग, हॉस्पिटलचा वॉर्ड, खानावळीचं स्वयंपाकघर, काहीही चालतं. पण माझ्या पालीनं अंडं घातलं ते गुऱ्हाळात, म्हणून तेच सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातलं असलं तर उत्तम. तिथल्या गुळाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं गूळ बिघडवलात तरी नावाजलेल्या ठिकाणी बिघडवल्याचं समाधान राहतं. गुऱ्हाळ शक्यतो मामाचं असावं. परक्याचं असलं तर बिघडलेलं भरून द्यावं लागतं. मामा फक्त मामीजवळ बोलतो.

एक गुळव्या. घाण्यात ऊस सारणारा माणूस वेगळा, चुलवाणात चिपाड टाकणारा वेगळा. काहिलीतल्या रसाचा गूळ नेमका कधी झाला, हे ज्याच्या तोंडातून निघतं तो गुळव्या. कमी बोलणारा निवडावा. आमच्याकडं आप्पा होते. कानाला टॉवेल, डोळे कायम बारीक केलेले, आणि दिवसाकाठी वीसेक शब्द; त्यांतले दहा शिव्या.

एक डिग्री, फूड टेक्नॉलॉजीची. एक डिजिटल थर्मामीटर. पीएचच्या पट्ट्या. एक लांबरुंद वही, रकाने आखलेली. हे सगळं आणल्याशिवाय पद्धत लागू पडत नाही, कारण पुढं ते सगळं बाजूला ठेवायचं आहे, आणि जे आणलंच नाही ते बाजूला ठेवता येत नाही.

एक हंगाम. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघतो, तेव्हापासून शिमगा होईपर्यंत धरा.

पायरी पहिली : आपल्याला सगळं कळतं असं समजून सुरुवात करा

ही पायरी सोपी आहे. बहुतेक जण ती घरूनच करून येतात.

गुळाची कृती पुस्तकात एका पानात मावते. उसाचा रस मांदणात साठतो, तिथून काहिलीत जातो. रस आंबटसर असतो, पीएच पाचाच्या थोडा वर; चुन्याची निवळी घालून तो सहाच्या पुढं आणायचा. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात चोळलं की बुळबुळीत चिकट सुटतो, तो ओतायचा. रस तापत आला की त्या चिकटाला धरून मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची. मग जाळ वाढवायचा. फेस उतू जायला लागला तर तेलाचे चार थेंब. रस आटत जातो. 105-106 अंशांना काकवी, 118 ला गूळ. काहील उतरवायची, वाफ्यात ओतायची, फावड्यानं घोटायची, साच्यात भरायची. एका आदणाला अडीच-तीन तास. टनभर उसाला शंभर ते एकशेवीस किलो गूळ.

हे पान मला तोंडपाठ होतं. पहिल्याच दिवशी मी थर्मामीटरची तार काहिलीत सोडली, आकड्यासमोर पाट टाकून बसलो आणि आप्पांच्या पोटावर पाय येणार म्हणून मला जरा वाईटही वाटलं.

थर्मामीटरबद्दल पुस्तकात एक गोष्ट नव्हती. तो दोन तास काहीच बोलत नाही. रसात पाणी भरपूर असतं तोवर कितीही जाळ घाला, उकळण्याचा आकडा दोन-तीन अंशांच्या पलीकडं हलत नाही. सगळी उष्णता वाफेत जाते. शेवटी पाणी संपत आलं की तोच आकडा असा पळायला लागतो की 106 ते 116 हे अंतर म्हणजे एक बिडी. दोन तास मुका बसलेला माणूस एकदम किंचाळला तर काय करावं हे जसं कुणाला सुचत नाही, तसं मला सुचलं नाही.

आप्पा म्हणाले, "उतरा."

मी म्हणालो, "थांबा, एकशेपंधराच झालेत."

मालकाचा भाचा आणि वर शिकलेला, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्यावर गडीमाणसानं काय करायचं? आप्पा थांबले. आकडा 118 झाला, मी हात वर केला, काहील उचलली. पण काहील लोखंडाची, आठ-नऊ फुटांची. चुलवाणावरून उतरली म्हणून ती लगेच थंड होत नाही, आतला पाक शिजतच राहतो. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं साधं पाणीसुद्धा 98 अंशांच्या आसपास उकळतं. माझं पुस्तक किती उंचीवर बसून लिहिलं होतं, ते त्यात छापलेलं नव्हतं. सकाळी साच्यातून जे निघालं ते गुळापेक्षा डांबराला जवळचं होतं. म्हशींनी ते आवडीनं खाल्लं. म्हशींना मानांकनाचं काही नसतं.

पायरी दुसरी : प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या

आप्पांना मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"फेस बसला की."

लिहून घेतलं. पुढच्या आदणाला फेस चांगला वर होता आणि आप्पांनी काहील उतरवली. गूळ उत्तम झाला. मी वही पुढं केली. "आज ऊस कवळा हुता," आप्पा म्हणाले. मग फेसाचं काय? "आवाज बघ की."

आवाज बघायला लागलो. रस आधी खळखळतो, मग मध्येच त्याचा सूर जड होतो आणि शेवटी रटरट असा आवाज येतो, जणू कुणी ओल्या मातीवर संथपणे हात मारतंय. हा रकाना मला आवडला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी चिपाड ओलं होतं, जाळ कधी लागे, कधी बसे, आणि रटरट दोनदा आली आणि दोनदा गेली. "डोळं पडल्यात का बघ." म्हणजे पाकावरचे बुडबुडे मोठे होऊन सावकाश फुटतात, तेव्हा त्यांच्या जागी क्षणभर डोळा राहतो. मग रंग. मग वास. मग फावड्यावरून पडणारी धार: पाण्यासारखी तुटते की पडद्यासारखी सरकते. मग गोळी. काठीनं टिपूसभर पाक घ्यायचा, गार पाण्याच्या वाटीत सोडायचा, बोटांनी वळायचा. गोळी मऊ असली तर अजून वेळ आहे. काहिलीच्या काठावर मारून टणकन वाजली की झालं.

नोव्हेंबर संपेतोवर माझ्या वहीत अकरा रकाने झाले आणि प्रत्येक रकान्याला अपवाद होते. मी आप्पांवर चिडलो. मला वाटलं, हा माणूस मुद्दाम सांगत नाही. विद्या लपवतोय.

नवशिक्यांनी इथं जरा थांबावं आणि पुढचा प्रयोग करावा. एसटी स्टँडवर गर्दीत तुमची आत्या तुम्ही पाठमोरी ओळखता. कशावरून ओळखलीत, असं कुणी विचारलं तर तुम्ही बेधडक सांगता, "चालण्यावरून." आत्या बाकावर बसलेली असते.

आप्पा खोटं बोलत नव्हते. ते आत्या ओळखत होते, आणि मी त्यांना लुगड्याचा रंग, अंबाड्याची उंची, पिशवीची पट्टी असे रकाने मागत होतो. त्यांनी बिचाऱ्यांनी दर वेळी एक रकाना काढून दिला, मी मागितला म्हणून.

1973 साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळाच्या पटावर असंच काहीतरी दाखवलं. खऱ्या डावातली मांडणी जेमतेम पाच सेकंद दाखवली तर पट्टीचा खेळाडू ती बरीचशी जशीच्या तशी पुन्हा मांडतो. नवशिक्याला चार-पाच मोहरी आठवतात. पण तीच मोहरी पटावर कशीही विस्कटून ठेवली, तर पट्टीचा खेळाडूही जवळपास नवशिक्याइतकाच. म्हणजे स्मरणशक्ती दांडगी नव्हती. खऱ्या डावांत वारंवार येणारे आकार त्याच्या ओळखीचे होते, आणि तो सुटी मोहरी न बघता ते आकार बघत होता. आप्पांना उद्या डिस्टेंपरच्या उकळत्या डब्यापुढं बसवलं तर तेही माझ्यासारखेच रकाने आखतील.

एवढं वाचून वही टाकून देऊ नका. ती पुढं लागणार आहे.

पायरी तिसरी : खाद्य

पाल काय खाते, हा या विषयातला मुख्य प्रश्न आहे. किडे नाही. व्याख्यानंही नाही, घालून बघितली आहेत. ती बिघडलेल्या आदणांवर वाढते. आणि तीही ताजी लागतात.

ताजी म्हणजे काय ते सांगतो. गुऱ्हाळात रात्री साच्यात भरलेला गुळाचा रवा सकाळी उलटा करतात. आप्पा बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करतात, कडेचा एक टवका काढतात, नखानं दाबतात, जिभेवर ठेवतात. तेवढ्यात कालचं सगळं डोळ्यांपुढं असतं. कुठल्या मळ्यातला ऊस, जाळ कसा होता, कधी उतरवली, उतरवताना मनात काय आलं होतं. चिकट लागला तर घाई झाली. कडवट लागला तर उशीर. निकाल तोंडावर मिळतो आणि वकील लावता येत नाही.

आता हिशेब करा. दिवसाला चार आदणं, हंगामाचे सव्वाशे दिवस: पाचशे. आप्पांचे चाळीस हंगाम: वीस हजार. वीस हजार वेळा एकच प्रश्न विचारला गेला आणि वीस हजार वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उत्तर आलं. याला लोक 'हातगुण' म्हणतात, जसं काही हात जन्मतःच तसा होता.

माझ्या नंतरच्या नोकरीशी ताडून पाहा. मी एका प्रस्तावावर सही करतो. तो योग्य होता की नाही हे कळायला दोन वर्षं लागतात. तोवर माझी बदली झालेली असते, प्रस्तावाचं नाव बदललेलं असतं, आणि यश आलं तर सात जणांचं, बुडालं तर बाजाराचं. अशा ठिकाणी वीस वर्षं काढलेला माणूस मीटिंगमध्ये छातीवर हात ठेवून म्हणतो, "माझा आतला आवाज सांगतोय." सांगत असेलही. त्या पालीला वीस वर्षांत घास किती मिळाले, एवढंच विचारायचं असतं. पण तो साहेब असतो.

डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचं या बाबतीत वाजत होतं. कानमन यांनी माणसाचे अंदाज कुठंकुठं फसतात हे दाखवण्यात हयात घालवली. क्लाइन आगीच्या बंबावरच्या जवानांमागं हिंडून, त्यांना धोका आधी कसा कळतो हे टिपत राहिले. 2009 मध्ये दोघांनी मिळून एक लेख लिहिला आणि भांडणाचा निकाल लावून टाकला. कामाला काही एक नियमितपणा असावा, आणि केल्याचं फळ लवकर व स्पष्ट दिसावं. मग सवयीनं आलेल्या अंदाजावर विसंबता येतं. नाहीतर अंदाजपंचे. चुकचुक किती मोठ्यानं झाली, याचा खरेखोटेपणाशी संबंध नाही, असंही त्यांचं म्हणणं.

माझी स्वतःची दोन आदणं बिघडली. पहिलं वर आलंच आहे. दुसरं लवकर उतरवल्यानं बसलंच नाही. रवा साच्यातून काढल्यावर संध्याकाळपर्यंत म्हातारीसारखा खाली बसत गेला. मामीनं त्याच्या पोळ्या केल्या. त्या मी निमूट खाल्ल्या. खाद्य म्हणतात ते हेच.

पायरी चौथी : पहिली चुकचुक

डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस घाणा बंद. तोडून ठेवलेला ऊस ट्रॉलीतच भिजत उभा. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मामानं घाई केली, साहजिकच होतं.

सकाळी मी ट्रॉलीजवळून गेलो तेव्हा मला कसंतरी झालं. काय ते कळेना. भिजलेल्या चिपाडाचा वास असेल म्हणून पुढं गेलो. वहीत वासाचा रकाना होता, पण तो काहिलीच्या वासाचा; ट्रॉलीचा नव्हता. तेव्हा लिहिलं काहीच नाही.

घाणा सुरू झाला. मांदण निम्मं भरलं. आप्पांनी वाकून बोट बुडवलं, चाटलं, आणि चुलवाणाकडं तोंड करून ओरडले, "जाळ धरू नगा!"

मामा आला. "काय झालं, आप्पा?"

"ऊस रुसलाय."

"म्हंजे?"

"बसायचा न्हाई."

माझा दिवस आला होता. पट्टी बुडवली, रस नेहमीपेक्षा आंबट. ऊस तोडून पडला, त्यात भिजला, की त्यातली साखर फुटते. तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि ते दाणा धरत नाहीत, उलट दुसऱ्यालाही धरू देत नाहीत. असा पाक किती आटवला तरी घट्ट बसत नाही, बसला तरी हवेतलं पाणी ओढून पुन्हा पाझरतो. हे मी मामाला बऱ्यापैकी सविस्तर सांगितलं आणि उपायही सांगितला: चुना वाढवू, आंबटपणा मारू, दोन-तीन अंश जास्त आटवू.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "चुन्यानं आंबट जाईल. साकर माघारी यील व्हय?"

येणार नव्हती. फुटलेली साखर चुन्यानं जुळत नाही, फक्त गूळ काळा पडतो. हे माझ्याच पुस्तकात, त्याच पानावर, चार ओळी खाली होतं.

"मग करायचं काय?" मामा. मांदणात रस, ट्रॉलीत ऊस, दारात मजूर.

"काकवी करू."

मी गप्प बसलो, कारण हे मला सुचायला हवं होतं. काकवी पातळ राहावी, तिच्यात खडा धरू नये, म्हणून लोक मुद्दाम लिंबूसत्व घालून थोडी साखर फोडतात. आमच्या उसानं ते काम ट्रॉलीत बसल्या बसल्या करून ठेवलं होतं. मी या रसाचा गूळ कसा होईल याचं गणित सोडवत बसलो होतो. आप्पांनी गणितच बदललं. आकडा 105 झाला, मी मोठ्यानं वाचला, आप्पांनी धार बघितली, काहील उतरली. त्या दिवशीची काकवी मामानं गुऱ्हाळावरच बरण्या भरून विकली.

संध्याकाळी मी आप्पांना सांगितलं, की सकाळी ट्रॉलीजवळ मलाही कसंतरी झालं होतं.

"मग बोललास का न्हाई?"

"नक्की माहीत नव्हतं."

"मला तरी कुठं हुतं? म्हून तर बोट घातलं."

नवशिक्यांसाठी या संपूर्ण मार्गदर्शिकेत कामाचं वाक्य एवढंच आहे, आणि ते माझं नाही.

रोग

सतत चुकचुकणारी पाल. एक आदण करपलं की पुढची दहा लवकर उतरवायची, हा हिचा स्वभाव. नव्या सुपरवायझरांत फार आढळते. औषध नाही, दहा आदणं चिकट निघाली की आपोआप बरी होते.

पिवळ्याला भुललेली पाल. ही सौद्यात सापडते. चांगला गूळ पिवळा असतो असं पिढ्यान्‌पिढ्या बघून व्यापाऱ्याचा आणि गिऱ्हाइकाचा डोळा तयार झाला. मग काहींनी हायड्रॉस पावडर टाकून रंग उडवायला सुरुवात केली. डोळा तोच राहिला, खूण खोटी झाली. बिनपावडरीचा तांबूस रवा बघून आता यांची पाल चुकचुकते आणि पावडर टाकलेला बघून शांत झोपते. काही महिन्यांनी तोच गूळ घरात काळा पडतो, पण तोवर सौद्याला कोण विचारतंय? निकाल परत त्या डोळ्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळं हा रोग वयानं वाढत जातो.

शेजाऱ्यावर उठणारी पाल. ही खुद्द आप्पांना होती. पलीकडच्या मळ्यातला एक गृहस्थ बांधावर उभा राहून काहिलीकडं बघून गेला की गूळ बसत नाही, असं त्यांचं ठाम मत. वही इथं उपयोगी पडते म्हणून ठेवायला सांगितली होती. मी मोजलं: गृहस्थ महिन्यात अकरा वेळा आला, गूळ दोनदा बिघडला. वही आप्पांना वाचून दाखवली. आप्पांनी ती नीट ऐकली आणि म्हणाले, "त्या दोन दिवशी त्यानं नीट बघितलं असंल."

बिथरलेली पाल. मामानं एका तुकड्यात को 86032 च्या जागी को 92005 जातीचा ऊस लावला होता. तो ऊस घाण्यावर आला त्या दिवशी आप्पा वेगळेच वागले. एरवी दोन गोळ्यांत उरकणारा माणूस सात-आठ गोळ्या वळत बसला. जाळ कमी ठेवायला लावला. मला दोनदा आकडा विचारला. मी मनात म्हटलं, म्हातारा घाबरला. तिसऱ्या आदणाला पुन्हा नेहमीसारखं "उतरा" आलं, खणखणीत. हा रोग नव्हे, असं आता वाटतं. पण यादीत घातला आहे, कारण कचेरीत अशा माणसाला 'कॉन्फिडन्स नाही' म्हणून शेरा मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती दिवसांत पाल तयार होते? — मला पहिली चुकचुक पाचव्या आठवड्यात आली. ती खरी आहे हे कळायला अजून एक हंगाम लागला असता. नोकरी लागली आणि मी गेलो.

व्हिडिओ पाहून शिकता येईल का? — फेस दिसेल, डोळे दिसतील. वास यायचा नाही, चटका बसायचा नाही, आणि बिघडलेल्याच्या पोळ्या दुसरा कुणीतरी खाईल.

माझी पाल गॅरेजमध्ये वाढली आहे. ऑफिसात चालेल का? — सोबत न्या, पण पहिले काही महिने तिचं ऐकू नका. ती डिस्टेंपरच्या डब्यापुढं बसली आहे.

थर्मामीटर टाकून द्यावा का? — मुळीच नाही. परवा गुऱ्हाळावर गेलो होतो. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, धुराकडं फार वेळ बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. माझा जुना थर्मामीटर तिथंच खिळ्याला टांगलेला असतो. दोन तास आप्पा काहिलीकडं पाठ करून बसतात. घाण्यावरचं पोरगं आकडा सांगतं. एकशेआठ म्हटलं की ते तोंड फिरवतात, आणि मग आकडा ओरडणाऱ्या पोराला गप्प करतात.

हमी आणि तक्रार

वरील पद्धतीनं पाळलेली पाल न चुकचुकल्यास पैसे परत मिळणार नाहीत, कारण घेतलेलेच नाहीत. तक्रार असल्यास हंगामात सकाळी साचे उलटायच्या वेळी गुऱ्हाळावर समक्ष यावं. आप्पा तुमच्या हातात एक टवका ठेवतील आणि विचारतील, "काय झालंय याला?" बरोबर सांगितलंत तर चहा. चुकीचं सांगितलंत तरी चहा, पण मग तो संपेस्तोवर दुसरा टवका येतो.